बीएसएची सीट आणि स्मॉल हीथ

इंदूरला छावणीत, किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही सीटवाल्याच्या दुकानात, दोन शब्द हमखास ऐकू येतात. रेक्झिन आणि डनलप. ‘कौनसा रेक्झिन लगाऊं भिया? नीचे डनलप डाल दूं?’ हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडलेत की ती मुळात परदेशी कारखान्यांची नावं आहेत, हे मला तिशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं. रेक्झिन म्हणजे मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचं कापड. सुती कापडावर रसायनाचा लेप देऊन त्यावर चामड्याची नक्षी दाबायची. डनलप म्हणजे बर्मिंगहॅमचे टायरवाले. त्यांच्या शास्त्रज्ञांनी १९२९ साली रबराचा चीक घुसळून त्याचा फेस केला आणि तो साच्यात शिजवला. पुढे त्याच फोमच्या गाद्या झाल्या. पहिला प्रयोग स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर झाला म्हणतात. ‘गादी डनलपची आहे’ असं आपल्या आज्या कौतुकानं सांगायच्या, त्या गादीचं गाव बर्मिंगहॅम.

मला हे सगळं कळलं ते आमच्या बीएसएमुळे. आजोबा महूला नोकरीला होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ही मोटारसायकल घेतली. एम-२० मॉडेल, ४९६ सीसी, एकच सिलिंडर, पुढे स्प्रिंगचा गर्डर फोर्क. युद्धकाळात अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. वेगाच्या नावानं बोंब, पण चिखलात, वाळूत, कुठेही चालणारी. बाबांनी ती आजही चालू ठेवली आहे. इंजिन छान आहे, पण सीट गेली होती. एक स्प्रिंग तुटलेली, कव्हरला उभी चीर, आणि बाबांच्या कंबरेला आता अडुसष्टाव्या वर्षी ते सोसत नव्हतं. ‘तू बर्मिंगहॅमला निघालायसच,’ बाबा म्हणाले, ‘तर सीट घेऊन जा. तिच्या माहेरी नीट करून आण.’

कंपनीनं मला चौदा महिन्यांसाठी पाठवलं होतं. बॅगेत कपडे, मेतकूट, इंदुरी शेव आणि मधोमध सीट. विमानतळावर स्कॅनरच्या पडद्यावर त्या स्प्रिंगा बघून तिथल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. मोटारसायकलची सीट आहे म्हटल्यावर त्यांनी ‘मग मोटारसायकल कुठेय?’ असं विचारलं. प्रश्न रास्त होता.

बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीट स्टेशनहून लोकल पकडली की चार-पाच मिनिटांत स्मॉल हीथ येतं. ‘पीकी ब्लाइंडर्स’ बघणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. स्टेशनपासून आर्मरी रोड जवळच. इथे बीएसएचा अवाढव्य कारखाना होता. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बंदुका करणाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी, म्हणून टाकीवरच्या चिन्हात तीन बंदुका. १९४० च्या १९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मन बॉम्ब या कारखान्यावर पडले आणि ५३ कामगार गेले. तरीही युद्ध संपेपर्यंत एम-२० बनत राहिल्या. पुढे पन्नाशीच्या दशकात बीएसए जगातल्या सर्वांत मोठ्या मोटारसायकल कंपन्यांत होती आणि सत्तरीच्या दशकात बुडाली. कारखान्याचा बहुतेक भाग पाडून टाकला. आता तिथे छोटी गोदामं आणि वर्कशॉप आहेत. आमची गाडी जिथून निघाली असेल तिथे उभं राहून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्या गोदामाच्या मागे बघ काही उरलंय का.’ काही नव्हतं. (बीएसए हे नाव मात्र २०१६ मध्ये महिंद्रांच्या क्लासिक लेजेंड्सनं विकत घेतलं, म्हणजे आता ते आपल्याकडेच आहे.)

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या सीट करणारे कारागीर त्या भागात अजून आहेत. एकाकडे गेलो. साठीचा, नेमकं बोलणारा माणूस. त्यानं सीट उलटी केली, बोटानं स्प्रिंगा मोजल्या आणि सांगितलं की सांगाडा मूळचा आहे, स्प्रिंगा बहुधा रेडिचच्या. बाकी सगळं फेकून द्यायचं. नवा फेल्ट, नवं कव्हर, मूळ नक्षीचं, तयार मिळतं. किंमत माझ्या अंदाजाच्या दुप्पट. मी रेक्झिन म्हटलं तर त्याला क्षणभर लागलं. ‘माझे वडील तो शब्द वापरायचे,’ तो म्हणाला. ‘आम्ही व्हिनाइल म्हणतो.’ मी विचार करून सांगतो म्हणून निघालो.

रेडिचचं नाव डोक्यात राहिलं होतं, म्हणून पुढच्या शनिवारी तिकडे गेलो. न्यू स्ट्रीटहून जाणाऱ्या लोकलचं शेवटचं स्टेशन. बुलेटवाल्यांनी तर जावंच, कारण रॉयल एनफिल्ड या गावची. पण त्याआधी रेडिच सुयांचं गाव होतं. एकेकाळी जगातल्या बहुतांश सुया इथून जायच्या. फोर्ज मिल नावाच्या जुन्या गिरणीत सुयांचं संग्रहालय आहे. पाणचक्कीवर चालणारे लाकडी पाटे, त्यांच्याखाली कापडात गुंडाळलेले सुयांचे जुडगे दिवसेंदिवस घासले जायचे. सुईला टोक काढणारे कामगार मात्र दगड-पोलादाची धूळ छातीत जाऊन तरुणपणीच मरत. त्या काचेच्या पेटीत बारीक काशिद्याच्या सुईपासून गोणपाट शिवायच्या दाभणापर्यंत सगळं मांडलेलं होतं. सुयांचाच एक कारखानदार पुढे सायकलींकडे वळला आणि त्यातूनच एनफिल्ड उभी राहिली. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनू लागली, रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, आणि मद्रासचा चालूच आहे. हर्बर्ट टेरी ही स्प्रिंगवाली कंपनीही इथलीच. त्यांनी मोटारसायकलच्या सीट केल्या आणि त्याच स्प्रिंगांच्या जोरावर तो हवा तसा वाकणारा अँगलपॉइज दिवाही केला. ड्रॉइंगच्या टेबलाला लावलेला तसला दिवा बी.ई.च्या पहिल्या वर्षी माझ्याकडे होता.

सीटचं काम शेवटी झालं ते स्मॉल हीथलाच. कॉव्हेंट्री रोडवर पाकिस्तानी, बांगलादेशी, सोमाली लोकांची दुकानं आहेत, मिठाई, कापड, मोबाइल, सगळं. एका गल्लीत सोफे आणि टॅक्सीच्या सीट दुरुस्त करणारं दुकान दिसलं. बाहेर पाटी इंग्रजीत, आत रेडिओवर जुनी हिंदी गाणी. मालक मीरपूरचे, सत्तरीच्या पुढचे. मी काउंटरवर सीट ठेवली. त्यांनी कव्हर चिमटीत धरलं आणि म्हणाले, ‘रेक्झिन तो गया बेटा.’

त्यांच्या दुकानापासून बीएसएचा कारखाना चालत वीस मिनिटांवर. चाचांनी तो बंद होताना पाहिला होता. त्यांचे मोठे भाऊ तिथे रात्रपाळी करत.

त्यांनी माझ्यासमोरच कव्हर उसवायला घेतलं. ते मूळचं नव्हतंच. आजोबांनी कधीतरी इंदूरला बदललेलं. आधी टाके कापले, मग सुटे तुकडे कागदावर सपाट ठेवून आखले, कारण जुन्या कव्हरचे तुकडे हाच नव्या कव्हरचा नमुना. वरचा एक तुकडा, खाली कडेची पट्टी, मध्ये पायपिन. आणि कव्हर निघाल्यावर खाली फेल्ट दिसायला हवा होता, तिथे गोधडी निघाली. चार पदरी, सीटच्या आकारात कापलेली, कडेनं पुन्हा शिवलेली. वरच्या बाजूला धावदोऱ्याच्या ओळी अजून सरळ होत्या. चाचांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. ‘ये तो गुदड़ी है. हमारी अम्मा भी बनाती थीं.’

फोटो घरी पाठवले. बाबांना आठवेना. बडोद्याहून आत्याचा फोन आला. ‘अरे, ते निळं छिट माझ्या परकराचं आहे. आणि तो काठ आईच्या इरकलचा.’ मग हळूहळू उलगडलं. एका पावसाळ्यात सीट फाटली, आतला फेल्ट कुजला, आणि आजोबांनी कुरकुर केल्यावर आजीनं जुन्या गोधडीचा तुकडा कापून दिला. त्यावर बसून आजोबा पुढची पंचवीस वर्षं महूला जाऊन-येऊन होते.

आता घरात दोन तट पडले. आई म्हणाली, ती बाहेर काढा, हलक्या हातानं धुवा, कपाटात ठेवा. बाबा म्हणाले, सीटमध्ये होती, सीटमध्येच राहील. मला आईचं पटत होतं. साठ-सत्तर वर्षांचं सुती कापड, त्यावर पुन्हा घासणाऱ्या स्प्रिंगा, दोन पावसाळ्यांत त्याचा चोथा झाला असता. चाचांचाही पहिला कौल तोच. सूत ओल धरतं, लोखंड गंजतं. पण बाबा फोनवर एवढंच म्हणाले, ‘कपाटात ठेवलेलं कोण बघतं?’ आमच्या कपाटात काय काय पडलंय ते आठवून मी गप्प बसलो.

तोड चाचांनी काढली. तुटलेली स्प्रिंग बदलली. सांगाडा तारेच्या ब्रशनं घासून काळा रंगवला. स्प्रिंगांवर जाड तरट ताणून बांधलं, म्हणजे वरचं काही त्यांच्यात चिमटत नाही. त्यावर नवा जाड फेल्ट. फेल्टवर गोधडी, आणि तिच्यावर बोटभर फोम. ‘वज़न नमदा लेगा. ये सिर्फ़ बैठेगी.’ कव्हरच्या खालच्या बाजूला हवेसाठी त्यांनी छोटी भोकं ठेवली.

शिवताना मी शेजारी बसून होतो. टाका मुद्दाम लांब ठेवला होता. रेक्झिनवर टाके जवळजवळ पडले तर भोकांची ओळ होते आणि टपाल तिकिटासारखं तिथेच फाटतं. चढवण्याआधी कव्हर गरम करावं लागतं, म्हणजे ते ताणतं. छावणीत ते उन्हात टाकतात. बर्मिंगहॅमला फेब्रुवारीत ऊन कुठलं, म्हणून चाचांनी केस वाळवायचं मशीन काढलं. आधी पुढचं टोक अडकवलं, मग मागचं खेचलं, मग दोन्ही बाजू. एक सुरकुती राहिली. ती त्यांनी अंगठ्यानं रेटत रेटत कडेपर्यंत नेली आणि दाभणानं आत घेतली. दाभण रेडिचचं असेल का, असं मी विचारलं. त्यांनी पुडी दाखवली. चीनचं होतं.

पैसे त्या पहिल्या कारागिराच्या निम्म्यानं घेतले, आणि वर चहा पाजला. तो कारागीर वाईट नव्हता, त्याचं कामही माझ्या मते अधिक अचूक झालं असतं. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवायचं असेल तर त्याच्याकडेच जावं. आमच्या सीटची नक्षी मूळची नाही. ती एका टॅक्सीच्या उरलेल्या थानाची आहे, हे जाणकाराला लांबून कळेल.

एप्रिलमध्ये सीट इंदूरला आली. बाबांनी ती स्वतः बसवली, दोन स्प्रिंगा मागे, एक बोल्ट पुढे. पहिल्या दिवशी तक्रार आली की सीट बोटभर उंच झालीय, पाय नीट टेकत नाहीत. चाचा म्हणाले होते, फेल्ट दबायला दोन महिने लागतात, रोज बसा. त्यामुळे बाबा आता रोज सकाळी पोहे आणायला एम-२० काढतात. पोह्यांचं दुकान आमच्या घरापासून दीडशे पावलांवर आहे.