पाणी काढायचं कुणी?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या!

आमचं घर भवानीनगरला. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचं गाव. लहानपणी मळी म्हटलं की नाकाला रुमाल, एवढंच माहीत. थर्ड इयरला कळलं, की काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्सने १९८९ मध्ये मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल बनवायला सुरुवात केली. इथेनॉलचं इथिलीन, इथिलीनचं ऑक्साइड, त्यात पाणी, की झालं ग्लायकॉल. आपले पॉलिएस्टरचे शर्ट याच ग्लायकॉलचे, बरं का. मिनी प्रोजेक्ट तिथेच ठरला, शेवटच्या पायरीच्या रिॲक्टरचं मॉडेल!

गंमत अशी, की तयार झालेलं ग्लायकॉल गप्प बसत नाही. उरलेल्या ऑक्साइडशी जोडी जमवून डायग्लायकॉल होतं. उपाय म्हणजे भरपूर पाणी. एका मोल ऑक्साइडला २० मोल पाणी, २०० अंशांच्या आसपास तापमान, की ऑक्साइडचं सुमारे ९० टक्के ग्लायकॉल. मी २० च्या जागी १०० टाकले. ९८ टक्के! मला तर आकाश ठेंगणं झालं.

दिवाळीच्या सुट्टीत आबांना ग्राफ दाखवला. 'सिलेक्टिव्हिटी'ला मराठी शब्द काही सापडेना. शेवटी म्हटलं, "आबा, पाणी जास्त घातलं की माल चोख निघतो."

आबा म्हणाले, "आन् मग त्ये पानी काढायचं कुनी?"

आबांची सगळी नोकरी कारखान्यात इव्हॅपोरेटरवर गेली. उसाचा रस आटवायचा, एका भांड्याची वाफ पुढच्या भांड्याला द्यायची. ग्लायकॉलच्या प्लांटमध्येही रिॲक्टरनंतर हेच असतं! वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. एक किलो ऑक्साइडला २० च्या प्रमाणात ८ किलो पाणी, १०० च्या प्रमाणात ४१ किलो. माझ्या मॉडेलमध्ये वाफेचा खर्चच नव्हता.

एक गोष्ट मात्र आबांना सांगितली नाही. हॉस्टेलवर मी सगळ्यांना 'आमचे आबा कारखान्यात इंजिनिअर होते' असं सांगून ठेवलं होतं.

सेमिनारला दोन्ही ग्राफ लावले, शेजारी वाफेचा हिशेब. सरांनी विचारलं, "हे सुचलं कसं?"

"आबांनी विचारलं, सर. ते इव्हॅपोरेटरवर कामगार होते."

मागच्या बाकावर रूममेटने मान वर केली. रात्री मेसमध्ये तिला सगळं सांगावं लागलं.