इंदापूरच्या एसटीतली वकिली

बारामतीहून इंदापूरला तारखेला जायचं म्हणजे सकाळची एसटी, ही ऐंशीच्या दशकातली आमच्या ऑफिसची रीत. खिडकीशी सिनियर, शेजारी ज्युनिअर, मांडीवर दोरीनं बांधलेल्या फायली. काटेवाडी, भवानीनगर येईपर्यंत साहेब वर्तमानपत्रात असत. सणसर मागे पडलं की पहिला प्रश्न यायचा, "आज बोर्डावर काय?" नुसता दावा नंबर सांगून भागत नसे. कैफियत आली का, निशाणी पाचवर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, काय हुकूम झाला, मागच्या तारखेला मुदत कुणी मागितली, हे फाईल न उघडता सांगायचं. लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव करत निमगाव केतकीपर्यंत साक्षीदाराचा सरतपास तोंडी बांधून व्हायचा. पुण्यात कॉलेजात दिवाणी प्रक्रिया संहिता पाठ केली होती, पण ती चालते कशी हे मला त्या बाकावर कळलं.

सनद मिळवायला तेव्हा पदवी पुरे होती. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टात आधी प्रशिक्षण आणि परीक्षेची अट होती, ती १९७३ च्या दुरुस्तीनं गेली. म्हणजे कालचा विद्यार्थी आज काळा कोट घालून कोर्टात उभा राहायचा. त्याला उभं कसं राहायचं हे शिकवणारी एकच जागा होती, सिनियरचं ऑफिस.

त्या ऑफिसात कामं इथल्या मातीतली. बांध, चारीचं पाणी, वहिवाटीचा रस्ता, वाटप. आमच्या साहेबांचा दंडक होता की चतुःसीमा सातबारा आणि जुन्या खरेदीखतावरून नुसत्या उतरवायच्या नाहीत. जमिनीवर जायचं, चारही बाजूंना पायी फिरायचं, शेजारच्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोलायचे आणि मग दाव्याचा मसुदा. रस्ता अडवल्याची तक्रार घेऊन आलेल्या कित्येकांना ते दावा न लावता तहसीलदाराकडे पाठवत. त्यासाठीचा मामलतदार कोर्ट कायदा १९०६ चा, अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. "तिथं होतंय तर इथं कशाला दहा वर्षं काढायची?" असं म्हणून फी सोडून देताना मी त्यांना पाहिलेलं आहे. हे पुस्तकातून कळत नाही. समोर कुणीतरी तसं वागावं लागतं.

उजनीचं पाणी तर त्या ऑफिसात रोजचं. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या. जुनं पळसदेव गेलं, पळसनाथाचं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं. तिथली माणसं लँड रेफरन्ससाठी यायची. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदला मागायचा, आणि त्याला मुदत होती ती कलम १२(२) ची निवाड्याची नोटीस मिळाल्यापासून आठवड्यांत मोजायची. म्हणून पक्षकार बसला की साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा, बारा-दोनची नोटीस कधी मिळाली?" म्हातारा गोंधळायचा. साहेब सणवार काढायचे. आषाढीची पालखी इंदापुरातून गेली त्याच्या आधी की नंतर? बेंदूर झाला होता का? पाडवा? अशा खुणांवरून तारीख पक्की व्हायची आणि मी ती लिहून घ्यायचो. मग विहीर किती फुटी, झाडं किती, बागायत की जिरायत, शेजारच्या गटाचं खरेदीखत कुठल्या साली झालं. १९८४ च्या दुरुस्तीनं दिलासा रक्कम तीस टक्के झाली आणि कलम २८-अ आलं. त्यामुळे ज्यानं आधी अर्जच केला नव्हता, त्यालाही शेजाऱ्याच्या निवाड्यावरून तीन महिन्यांत वाढ मागता येऊ लागली. त्या दिवसांत ऑफिसाच्या पायऱ्यांवर बसायला जागा नसायची.

आणि हक्कसोड. भाऊ बहिणीला घेऊन यायचे, कागद तयार करायला सांगायचे. साहेब भावांना चहाला बाहेर पाठवत आणि बहिणीला विचारत, "ताई, हे तुमच्या मनानं आहे का? नसेल तर मला सांगा, त्यांना मी बघतो." त्या वेळी आम्ही ज्युनिअर खोलीतच असायचो. बाई रडायच्या, कधी हसायच्या, कधी सही न करता उठायच्या. १९९४ ला महाराष्ट्रानं आणि २००५ ला केंद्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, तेव्हा आमच्या ऑफिसाला तो कायदा नवा वाटला नाही.

पण ते दिवस सगळ्यांसाठी असे नव्हते, हेही लिहिलंच पाहिजे. सिनियर मिळायचा तो ओळखीनं. ज्याच्या घरात वकील नाही, पुण्यात खोली घेऊन शिकताना ज्याच्या बापाचा ऊस गहाण पडलाय, त्याला वर्षानुवर्षं बिनपगारी राबणं परवडत नसे. हुशार पोरं वकिली सोडून कारखान्यात कारकून झाली. मुली तर बाररूममध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. संध्याकाळी सातनंतर ऑफिसात थांबायचं म्हणजे घरचे सनदच खुंटीला टांगायला लावत.

आज बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं लॉ कॉलेज आहे आणि आसपासच्या गावांतल्या मुली तिथून शिकून थेट कोर्टात येतात. निवाडे मोबाईलवर, तारखा ॲपवर. सनदेची फी सर्वसाधारण गटाला साडेसातशेहून जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये बजावलं. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियानं ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला दरमहा किमान पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली. हे सगळं मला मनापासून पटतं. आमच्या पिढीला कुणी विचारलंही नव्हतं.

शिकायची जागा मात्र आक्रसली. १ जुलै २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपास प्रतिज्ञापत्रावर आला. वेळ वाचला, पण पूर्वी सिनियर एकेक प्रश्न विचारत साक्षीदाराकडून हकीगत काढत, ते ऐकणं बंद झालं. आता ते प्रतिज्ञापत्र ऑफिसात टाइप होतं, बऱ्याचदा जुन्या फायलीवरून. ज्युनिअरच्या हाती थेट उलटतपास येतो आणि प्रश्न कसा रचायचा हे त्यानं कुठं पाहिलेलंच नसतं. एसटीतला तो एकत्र प्रवासही राहिला नाही. पालखी मार्ग झाला, जो तो आपल्या गाडीनं इंदापूर गाठतो. त्याच रस्त्याला गेलेल्या जमिनींचे पैसे आले आणि भावाबहिणींचे वाद पुन्हा दारात आले. ताईला आत घेऊन विचारणारं मात्र कुणीतरी शिकलेलं असावं लागतं.

म्हणून मे २०२५ चा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठी सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तो अनुभव खरा असल्याचा दाखला दहा वर्षं जुना वकील देऊ शकतो, त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो. बारामती-इंदापुरातली जेएमएफसीची, म्हणजे याच पहिल्या पायरीची, तयारी करणारी पोरं आता अशा सह्यांसाठी आमच्याकडे येणार. सही करणं सोपं आहे. माझं आमच्या दोन्ही बारमधल्या मित्रांना सांगणं एवढंच, की ज्या मुलाला किंवा मुलीला आपण पक्षकारासमोर बसवलं नाही, बांधावर नेलं नाही, महिन्याचे पैसे दिले नाहीत, त्यांच्या कागदावर आपलं पेन टेकवू नये. आणि ज्यांना बसवलं, त्यांच्यासाठी पक्षकार उठून गेल्यावर पाच मिनिटं काढावीत आणि अमुक प्रश्न आपण का विचारला, अमुक का टाळला, हे त्यांना सांगावं.