ऊर्ध्वमुखी बाण

गेल्या पावसाळ्यापासून उजव्या हाताला कंप सुटल्यामुळे अक्षरे आता शिष्य काढतो आणि मी शिडीच्या पायथ्याशी उभा राहून फलक वाचणारांचे चेहरे न्याहाळतो. ४० वर्षे आपण या चेहऱ्यांकडे पाठ करून काम केले, हे त्या निमित्ताने प्रथमच ध्यानात आले.

डावा व उजवा बाण यांची आमच्या धंद्यात कधी फिर्याद नाही. तंटा आहे तो ऊर्ध्वमुखी बाणाशी. जिल्ह्यातील एका तिमजली कचेरीत 'नक्कल शाखा' या अक्षरांखाली, नाकासमोर चालत जावे या अर्थाने, मी तो काढला होता, आणि फलक होता नेमका जिन्याच्या तोंडाशी. परवा फेरफाराच्या नकलेचा अर्ज मुठीत धरलेली एक म्हातारी त्या बाणाच्या हुकमाने दोन मजले चढली आणि तितक्याच निमूटपणे उतरली. विचारले तर म्हणाली, "वर दावायलाय की त्यो, बाबा." उभ्या भिंतीवर 'पुढे' ही दिशा मुळी नाहीच, ती 'वर'चा वेष घेऊनच येते. बाण तिरपा केला, तर तो जिन्याचाच नकाशा झाला. त्याच्या जागी पंजा काढला, तर तो रंगात आलेल्या कीर्तनकारासारखा आकाशाकडे बोट करून उभा राहिला. परळीला वैजनाथाच्या पायऱ्याच माणसाला वर नेतात, तेथे बाणाचे काम नाही.

माझे उस्ताद १९४८ पर्यंत, म्हणजे निजामी अंमल असेतो, सरकारी कचेऱ्यांचे उर्दू फलक रंगवीत. सरळ वाटेवर ते फलकच लावीत नसत, वळण येईल तेथेच लावीत. मला तो आळस वाटे. फ्लेक्सवाल्यांविषयी न बोलणे बरे, तरी बोलतो: त्यांच्या फलकावर पुढारी हातभर आणि दिशा बोटभर.

परंतु माझा अपराध निराळा. दासोपंतांनी सुमारे ४० फुटी पासोडीवर पंचीकरण लिहिले त्या अंबाजोगाईचा मी रहिवासी, हा अक्षराचा अहंकार मी जन्मभर वागविला; 'नक्कल'मधल्या 'क्क'ला अर्धा दिवस दिला आणि बाण पाच मिनिटांत उरकला.

बाण खोडून फलक वळणावर न्यावा, असे शिष्य म्हणाला. मी रुकार दिला; मात्र उतरविताना 'क्क'ला ओरखडा जाऊ नये म्हणून घरून गोणपाट मीच घेऊन गेलो.