ब्लॅकटाउनचा दुकानदार

पुणे, रविवार

चि. सौरभ,


तुझा प्रश्न साधा होता. मुलांसाठी फुटबॉल क्लब काढताय, तर नावात ‘मराठी’ घालावं की नको? काकूने फोनवरच ‘घाला की!’ म्हणून निकाल देऊन टाकला. मी पत्र लिहितो म्हणालो, कारण तू राहतोस त्या सिडनीच्या ब्लॅकटाउनमध्येच दुकान थाटलेल्या एका निर्वासिताने हा प्रश्न दोनदा सोडवला, आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं काढलं. फ्रँक लोवी. ज्या वेस्टफील्ड मॉलमध्ये तुम्ही शनिवारी पार्किंग शोधत फिरता, ते त्याने आणि त्याच्या भागीदाराने उभं केलेलं.

लोवी १९३० चा. जन्म तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या फिल्याकोवोचा, ज्यू कुटुंबातला. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरलं, तेव्हा वडील रेल्वेची तिकिटं काढायला बुडापेस्टच्या स्टेशनवर गेले आणि परतलेच नाहीत. ते आउशवित्झमध्ये मारले गेले, हे मुलाला जवळपास अर्ध्या शतकानंतर कळलं. युद्धानंतर हा पोरगा बोटीने पॅलेस्टाइनला निघाला, ब्रिटिशांनी बोट अडवून सायप्रसच्या छावणीत टाकलं. पुढे १९४८ च्या युद्धात इस्रायलकडून लढला, आणि १९५२ मध्ये सिडनीत उतरला. आधीच आलेलं कुटुंब तिथे होतं, बाकी काही नव्हतं.

जॉन सॉन्डर्स हा दुसरा हंगेरियन निर्वासित त्याला भेटला. दोघांनी पन्नासच्या दशकात ब्लॅकटाउनला रेल्वे स्टेशनजवळ खाद्यपदार्थांचं दुकान टाकलं. तेव्हाचं ब्लॅकटाउन म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची डोंबिवली समज: स्वस्त जमीन, रोज गाडीने कामावर जाणारी माणसं, नवी घरं. त्यात युरोपातून आलेले पुष्कळ. ऑस्ट्रेलियन दुकानात न मिळणारा आपल्याकडचा माल कुठे मिळतो, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पहिलं भांडवल असं परक्या मुलखात आपलं खाणं शोधणाऱ्यांकडून जमलं, हे लक्षात ठेव.

पुढे शेतजमिनी घेऊन प्लॉट पाडले, मग दुकानं, आणि जुलै १९५९ मध्ये ब्लॅकटाउनलाच मोकळ्या चौकाभोवतीचं पहिलं शॉपिंग सेंटर. दुसऱ्या वर्षी कंपनी शेअर बाजारात. माझं आयुष्य कर्जाच्या फायली चाळण्यात गेलं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. मॉलचा धंदा बाहेरून विटा-सिमेंटचा दिसतो, पण आतून तो भाडेपट्ट्यांचा असतो. मोठ्या नावाचं एक दुकान कमी भाड्यात बसवायचं, कारण गर्दी ते आणतं. खरं भाडं छोट्या गाळ्यांकडून येतं. भाड्याची आवक पक्की झाली की इमारतीची किंमत वाढते, वाढलेल्या किमतीवर बँक पुढचं कर्ज देते, आणि त्या कर्जावर पुढचं सेंटर उभं राहतं. ऐकायला सोपं आहे. या चालीने भरभराटीला येऊन बुडालेले बिल्डर मी पुष्कळ पाहिले. लोवी बुडाला नाही, कारण इमारत विकून मोकळं होण्याऐवजी तो ती चालवत बसला; दुकानदाराची सवय त्याची सुटली नाही. ओळखीच्या धंद्याबाहेर गेला तिथे मात्र ठेच लागली: ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणीची वाहिनी घेतली आणि मोठा तोटा सोसून सोडली.

१९७७ ला अमेरिका, २००० ला ब्रिटन. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या दुकानांचा ९९ वर्षांचा पट्टा जुलै २००१ मध्ये घेतला, पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहेच. २०१६ मध्ये त्याच जागी पुन्हा वेस्टफील्ड उघडलं. २०१८ मध्ये अमेरिका-ब्रिटनमधला पसारा युनिबाई-रोदामको या फ्रेंच-डच कंपनीला गेला.

आता फुटबॉल. सिडनीच्या ज्यू मंडळींचा हाकोआ नावाचा क्लब होता, लोवी त्याचा कर्ताधर्ता झाला. त्या काळी ऑस्ट्रेलियात या खेळाला ‘वॉगबॉल’ म्हणून हिणवत, म्हणजे उपऱ्यांचा खेळ. इटालियनांचा मार्कोनी, ग्रीकांचा सिडनी ऑलिंपिक, क्रोएशियनांचे सिडनीत आणि मेलबर्नमध्ये वेगवेगळे क्लब. रविवारी मॅच, नंतर आपल्या भाषेत भांडण आणि आपलं जेवण. १९७७ मध्ये देशव्यापी लीग उभी करण्यात लोवी पुढे होता, आणि पहिलं विजेतेपद हाकोआनेच घेतलं, ‘ईस्टर्न सबर्ब्ज’ या निरुपद्रवी नावाने. पुढे ‘सिडनी सिटी’ होऊन १९८० ते ८२ सलग तीनदा जिंकले. प्रेक्षक मात्र येईनात. १९८७ चा मोसम सुरू होऊन एक फेरी झाली, आणि लोवीने संघच काढून घेतला. भाडं न देणारा गाळा बंद करावा तसा. मला हे आवडलं नाही. पोरं जर्सी घालून उभी होती रे!

२००३ मध्ये देशाच्या फुटबॉलचा कारभार दिवाळखोरीच्या काठावर होता, पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी त्याला गळ घातली आणि तो परतला. इथून त्याने फुटबॉलही मॉलसारखा बांधला. २००५ ची ए-लीग: शहराला एक संघ, चकचकीत नावं, ठरावीक परवाने. हाकोआ, मार्कोनी, क्रोएशियन क्लब यांना त्यात जागा नाही. यश आलं, नाकारता येत नाही. १६ नोव्हेंबर २००५ ला सिडनीत उरुग्वेला पेनल्टींवर हरवून ऑस्ट्रेलिया १९७४ नंतर प्रथमच विश्वचषकाला पोचला. पुढल्याच वर्षी देश आशियाई महासंघात आला, २०१५ मध्ये आशिया चषक जिंकला. २०२२ च्या विश्वचषकाच्या यजमानपदासाठी सरकारी पैशाने केलेल्या खटपटीला मात्र एकच मत पडलं.

पण त्या उरुग्वेच्या रात्रीचा संघ बघ. शेवटची पेनल्टी मारणारा जॉन अलोयसी, दोन पेनल्टी अडवणारा मार्क श्वार्झर, कर्णधार मार्क विदुका, बचावातला टोनी पोपोविच: सगळी स्थलांतरितांची मुलं. श्वार्झर मार्कोनीत घडला, विदुका मेलबर्नच्या आणि पोपोविच सिडनीच्या क्रोएशियन क्लबात. ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांच्याच अंगणातलं पीक. आपल्याकडे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, तेव्हा पाचदा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो असाच बाजूला पडला.

लोवीच्याच अध्यक्षपदाच्या काळात, २०१४ मध्ये, नव्या क्लबांच्या नावात आणि चिन्हात वंश, देश, धर्म यांची खूण नको असा नियम आला. खाणं घराकडचं विकून उभा राहिलेला माणूस इतरांच्या घराची पाटी काढायला निघाला! त्याची बाजूही खरी होती: सर्बियन-क्रोएशियन हाणामाऱ्या त्याने पाहिल्या होत्या, आणि शेजारचं ऑस्ट्रेलियन कुटुंब अशा मैदानावर पाय ठेवत नव्हतं. तरी माझ्या मते तो अर्धाच बरोबर होता. भांडण मैदानावरून हाकलायचं असतं, नाव नव्हे. २०१५ मध्ये त्याने अध्यक्षपद मुलाकडे दिलं, २०१८ मध्ये मुलगाही पायउतार झाला, आणि २०१९ मध्ये तो नियम मागे घेऊन सर्वसमावेशकतेची तत्त्वं आली.

तेव्हा नावात मराठी हवं तर खुशाल घाला. पण घटनेत पहिल्याच कलमात लिहा की सभासदत्व सर्वांना खुलं आहे, आणि प्रशिक्षक, खजिनदार यांपैकी एक तरी जण आपल्यातला नसेल असं बघा. सामन्यांनंतर बटाटेवडे ठेवा, ते सगळेच खातात. मैदानाच्या भाड्याची तरतूद वर्षभराची आगाऊ करा, वर्गणीच्या भरवशावर राहू नका. आणि घटनेचा मसुदा नोंदणीआधी मला पाठव. कलमं तपासायला इथे मला भरपूर वेळ आहे.

तुझा,
अविनाशकाका