पाहुण्या संघाचे पान

इंग्लंडमधील फुटबॉलच्या उतरंडीत प्रीमियर लीग आणि तिच्या खालचे तीन व्यावसायिक विभाग मिळून ९२ क्लब खेळतात. त्यांच्या खाली, पाचव्या पायरीपासून लहानसहान गावांच्या मैदानांपर्यंत पसरलेल्या शेकडो क्लबांना एकत्रितपणे ‘नॉन-लीग’ म्हटले जाते. या क्लबांच्याही स्वतःच्या साखळी स्पर्धा असतात, पण प्रवासखर्च आवाक्यात राहावा म्हणून त्यातल्या बहुतेक प्रादेशिक ठेवलेल्या असल्याने पाठीराख्यांची गाठ वर्षानुवर्षे त्याच त्या शेजाऱ्यांशी पडते, आणि समोरच्या बचावफळीतला कोण डाव्या पायाने कच्चा आहे इथपासून त्यांच्या मैदानावर चहा कुठे बरा मिळतो इथपर्यंत सारे तोंडपाठ होऊन जाते. कोल्हापुरात पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम या फुटबॉल संघांच्या समर्थकांना समोरच्या संघाची जी पेठेपेठेतली ओळख असते, तिच्याच जातीची ही ओळख आहे. हा परिचयाचा वेढा तोडण्याचे काम चषक स्पर्धा करतात.

त्यातली सर्वांत जुनी स्पर्धा म्हणजे एफए कप. १८७१-७२ च्या पहिल्या मोसमात तिच्यासाठी अवघ्या १५ क्लबांनी नावे दिली होती, आणि त्यांतले मेडनहेड व मार्लो हे थेम्सकाठचे दोन क्लब आजही नॉन-लीगमध्ये खेळत आहेत. आता सातशेहून अधिक क्लब तिच्यात उतरतात. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या प्राथमिक आणि पात्रता फेऱ्यांची सोडत, म्हणजे कोण कोणाशी खेळणार हे ठरवणारी चिठ्ठ्यांची पद्धत, भौगोलिक गटांनुसार काढली जाते, त्यामुळे सुरुवातीला शेजारीच वाट्याला येतात. पण जसजसा संघ पुढे सरकतो तसतसा नकाशा रुंदावत जातो, आणि नोव्हेंबरमधल्या पहिल्या मुख्य फेरीत कुठलाही क्लब कुठल्याही क्लबासमोर येऊ शकतो. केवळ नॉन-लीग क्लबांसाठी १९६९-७० पासून एफए ट्रॉफी आणि १९७४-७५ पासून एफए व्हास या आणखी दोन स्पर्धा खेळवल्या जातात, आणि त्यांच्या पुढच्या फेऱ्यांतही हेच घडते.

एफए कपविषयी लिहिणारे बहुधा बलाढ्यांना धूळ चारणाऱ्या छोट्यांच्या कथा सांगतात, आणि त्या कथा खोट्या नाहीत: फेब्रुवारी १९७२ मध्ये हेरफर्ड युनायटेडने चिखलाने माखलेल्या मैदानावर न्यूकॅसल युनायटेडला २-१ असे हरवले, आणि रॉनी रॅडफर्डचा त्या दिवशीचा लांबून मारलेला गोल इंग्लंडमध्ये आजही पुन्हापुन्हा दाखवला जातो. परंतु अनोळखी संघाची वाट पाहण्यात काय असते याचा विचार करताना हे सामने बाजूला ठेवावे लागतात, कारण बलाढ्य क्लब अपरिचित नसतोच. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या पायरीवरच्या मरीन या लिव्हरपूलजवळच्या क्लबाकडे टॉटनहॅम हॉटस्पर खेळायला आला, तेव्हा पाहुण्या संघातला जवळजवळ प्रत्येक खेळाडू यजमानांच्या घराघरांत आधीच ठाऊक होता. साथीमुळे मैदानात प्रेक्षकांना मज्जाव असूनही तीस हजारांवर लोकांनी केवळ क्लबाच्या मदतीसाठी तिकिटे विकत घेतली, ही त्या सामन्याची खरी थोरवी होती. खरा अनोळखी म्हणजे आपल्याच उंचीचा, देशाच्या दुसऱ्या टोकाला नांदणारा क्लब: कॉर्नवॉलच्या पाठीराख्याला नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावरचा ब्लाइथ स्पार्टन्स, किंवा ब्लाइथच्या पाठीराख्याला कॉर्नवॉलचा ट्रुरो सिटी. त्याच्याविषयी दूरचित्रवाणीवर काही ऐकलेले नसते, त्याच्याशी हिशोब चुकते करायचे नसतात, आणि म्हणून त्याच्याकडे पाहण्याची नजर वैराची न राहता कुतूहलाची होते. नॉन-लीगच्या पाठीराख्याला लाभलेली ही फार मोठी गोष्ट आहे. बड्या क्लबांच्या चाहत्यांना ती दुर्मीळच झाली आहे.

हे कुतूहल ज्या वस्तूत साठवले जाते ती वस्तू साधी आहे. सामन्याच्या दिवशी प्रवेशद्वारापाशी ‘प्रोग्रॅम’ नावाची एक पातळ पुस्तिका विकली जाते. तिच्यात व्यवस्थापकाचे निवेदन, गुणतक्ता, गावातल्या दुकानांच्या जाहिराती आणि मागच्या बाजूला दोन्ही संघांची नावे असतात, आणि मधल्या भागात एखादे पान किंवा पानांची जोडी पाहुण्या संघासाठी राखलेली असते. ते पान बहुधा क्लबाचा एखादा स्वयंसेवक नोकरीधंदा सांभाळून रात्री बसून तयार करतो. वर बोधचिन्ह, त्याखाली स्थापनेचे वर्ष, टोपणनाव, गणवेशाचे रंग, चषकातील आजवरची मजल, आणि मग प्रत्येक खेळाडूविषयी दोन-तीन ओळी: आधी कुठे खेळला, कुठून उसना आला, दिवसा कोणते काम करतो; कारण हे खेळाडू बहुतांशी अर्धवेळ असतात आणि आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी सरावाला येतात.

एका पाठीराख्याच्या आयुष्यात हे पान अनेकदा समोर येते आणि दर वेळी निराळे वाचले जाते. लहानपणी टोपणनावांचे आकर्षण असते. येओव्हिलचे खेळाडू ‘ग्लव्हर्स’ का, तर त्या गावात हातमोजे बनत. मॅक्लसफील्डचे ‘सिल्कमेन’ का, तर तिथे रेशमाच्या गिरण्या होत्या. मोरकमचे ‘श्रिम्प्स’ का, तर तिथल्या उपसागरात कोळंबी मिळते. इंग्लंडचा औद्योगिक भूगोल शाळेच्या पुस्तकातून जेवढा पोहोचत नाही तेवढा या पानांतून पोहोचतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. तारुण्यात अंतरे आणि आगगाडीच्या वेळा यांना महत्त्व येते, आणि सामना परगावी असेल तर बसमध्ये जागा मिळेल की नाही याचे.

मध्यमवयात मात्र नजर मैदानाच्या वर्णनाकडे वळते, कारण अनोळखी संघाहूनही अनोळखी मैदान जास्त घातक ठरते हे तोवर कळलेले असते. येओव्हिलच्या ह्यूश या जुन्या मैदानाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे स्पष्ट उतार होता. जानेवारी १९४९ मध्ये पहिल्या विभागातला, पैशाने गबर असलेला संडरलँड तिथे आला आणि सतरा हजारांच्या गर्दीसमोर अतिरिक्त वेळेत २-१ असा हरला. खेळाडू-व्यवस्थापक ॲलेक स्टॉक यांनी त्या उताराची चर्चा सामन्याआधी वृत्तपत्रांतून मुद्दाम वाढवली होती असे मानले जाते. उतार तोच होता, पण पाहुण्यांच्या मनात तो आधीपासून वाढू लागला असावा. प्रतीक्षा ही दोन्ही बाजूंना असते, आणि ती कोणाला उभारी देते व कोणाला पोखरते यावर सामन्याचे बरेच काही ठरते. पुढच्या फेरीत ८१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर मँचेस्टर युनायटेडने येओव्हिलला ८-० असे हरवले, तेव्हा तिथले मैदान सपाट होते.

उतारवयात हेच पान पुन्हा उघडले जाते तेव्हा अपरिचिताची व्याख्याच पालटते. डॅगनम अँड रेडब्रिज हे नाव तरुणाला एका क्लबाचे वाटते; म्हाताऱ्या पाठीराख्याला त्यात चार क्लब दिसतात. इलफर्ड आणि लेटनस्टोन १९७९ मध्ये एकत्र आले, १९८८ मध्ये त्यांत वॉल्टमस्टो ॲव्हेन्यू मिसळला, पुढे त्याचे रेडब्रिज फॉरेस्ट झाले, आणि १९९२ मध्ये त्याचा डॅगनमशी संयोग झाला. यांतल्या पहिल्या तिन्ही क्लबांनी एकेकाळचा ॲमॅच्युअर कप, म्हणजे बिनपगारी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकलेला होता. हेरफर्ड युनायटेड २०१४ मध्ये बंद पडला आणि त्याच मैदानावर हेरफर्ड याच नावाचा नवा क्लब उभा राहिला. अशा वेळी समोर येणारा संघ ओळखीचा म्हणावा की परका, याचे उत्तर वाचणाऱ्याच्या वयावर अवलंबून राहते.

या पानाचे पुढे काय होणार हा प्रश्न आता खरोखर उपस्थित झाला आहे. २०१८ मध्ये प्रीमियर लीगखालच्या तीन व्यावसायिक विभागांतल्या क्लबांनी छापील पुस्तिका काढण्याचे बंधन मतदानाने रद्द केले, आणि नॉन-लीगमध्येही छपाईचा खर्च न परवडल्याने अनेकांनी ती पडद्यावर नेली. २०२४-२५ पासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांतले पुनर्सामनेही बंद झाले. पूर्वी बरोबरी झाली की काही दिवसांतच पाहुण्यांच्या गावी जाणे होई, त्यांचे मैदान डोळ्यांनी पाहता येई, आणि पानावर वाचलेले पडताळता येई. ती परतफेडीची भेट गेल्यानंतर पानाची गरज कमी न होता वाढली आहे. फोनवर प्रतिस्पर्ध्याचे मागचे निकाल क्षणात सापडतात हे खरे, पण ते निकाल कोणीतरी पाहुण्यांसाठी म्हणून, त्यांच्या गावाविषयी चौकशी करून, आदराने मांडलेले नसतात. क्लबांनी साखळीतल्या शेजाऱ्यांसाठी पुस्तिका काढली नाही तरी चालेल. चषकाच्या सामन्याला, दूरवरून प्रथमच येणाऱ्या संघासाठी, ती छापलीच पाहिजे, आणि तिच्या दोन-चार प्रती पाहुण्यांच्या बसमध्ये आधी नेऊन द्यायला हव्यात.