मुदत ठेव आणि हलती खुर्ची

कोल्हापूरला वेगाचे वेड नवे नाही. येथील मोहिते यांच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि याच शहरातील कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ मालिकेपर्यंत पोहोचले. मात्र टायर, इंधन, प्रवेशशुल्क आणि प्रवास यांचा खर्च धरला, तर मोटारशर्यत हा सामान्य कुटुंबाला झेपणारा छंद नव्हे. म्हणून अनेक तरुण घरातच संगणकासमोर सुकाणू आणि पेडल बसवून शर्यतीचा सराव करतात. या साधनसंचाला सिम्युलेटर म्हणतात.

राजारामपुरीतील एका जैन कुटुंबात असा एक सिम्युलेटर दोन वर्षे होता. नातू यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. आजोबांनी आयुष्यभर गुळाची अडत सांभाळलेली. रोकड आणि खतावणी जुळल्याशिवाय त्यांनी कधी दिवस मिटवला नाही. गेल्या दिवाळीनंतर नातवाने त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर परदेशी बनावटीच्या तयार हालचाल-यंत्रणेचे दरपत्रक होते, दुसऱ्यावर त्याच्याच हाताने लिहिलेली सुट्या भागांची यादी. पहिल्या कागदाखालची बेरीज नातवाच्या पुढील शिक्षणासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीच्या जवळपास जात होती. ठेव मोडावी असे कोणी म्हणाले नव्हते. पण कागद पाहताच घरातल्या सर्वांच्या मनात ठेवीचाच विचार आला.

आजोबांनी प्रथम विचारले ते वेगळेच. "खुर्ची हलली म्हणजे गाडी चालवल्यासारखं कसं वाटतं रे?"

प्रश्न मुळाचा होता. गाडी वेग घेते तेव्हा शरीर मागे रेलते, ब्रेक लागला की पुढे झुकते. घरातील खोलीत खुर्ची सतत पुढे धावू शकत नाही. तिला काही इंचांचीच मोकळीक असते. म्हणून यंत्रणा शरीराला चकवते. आपल्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला कलणे आणि वेग घेणे यांतला भेद, डोळ्यांची साथ नसेल तर, नीट कळत नाही. पडद्यावर गाडी ब्रेक लावत असताना खुर्ची किंचित पुढे कलवली की शरीराला वेग मंदावल्याचा भास होतो. नंतर यंत्र जाणवणारही नाही इतक्या सावकाश खुर्ची मूळ जागी आणते आणि पुढच्या फसवणुकीस सिद्ध होते. चित्र आणि हालचाल यांत थोडे अंतर पडले तरी मात्र मळमळू लागते. आजीने हे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन फसायचं." नातू हसला, पण व्याख्या म्हणून ती चुकीची नव्हती.

तयार यंत्रणांमध्येही प्रतवारी असते. काहींत फक्त आसन मागे-पुढे आणि डावी-उजवीकडे कलते. ऑस्ट्रेलियाच्या नेक्स्ट लेव्हल रेसिंगचे यंत्र या जातीचे. कॅनडाच्या डी-बॉक्सच्या यंत्रणेत संपूर्ण सांगाडाच चार कोपऱ्यांवरील दट्ट्यांवर उचलला जातो, त्यामुळे रस्त्यावरचा बारीक खडबडीतपणाही पायांना कळतो. सहाही दिशांच्या हालचाली हव्या असतील तर सहा दट्ट्यांचे व्यासपीठ लागते. त्याची जन्मकथा रंजक आहे. डनलॉप कंपनीतील एरिक गफ यांनी 1950च्या दशकात टायर तपासण्यासाठी असे यंत्र बांधले आणि 1965 साली स्ट्युअर्ट यांनी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी अशा व्यासपीठावर निबंध प्रसिद्ध केला. नाव मात्र अधिक चालले ते स्ट्युअर्ट यांचे.

तयार यंत्राचा खरा गुण त्याच्या पोलादात नसून त्याच्या जुळणीत असतो. प्रत्येक खेळातील प्रत्येक गाडीसाठी कोणती हालचाल किती प्रमाणात द्यावी, हे कोणीतरी महिनोन्‌महिने बसून ठरवलेले असते. पेटी उघडावी, जोडावी आणि संध्याकाळी चालवावी. त्याचबरोबर हमीपत्रही मिळते. पण हमीपत्र हाती असणे आणि दुरुस्ती करणारा दारी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यवहारात वावरलेल्या माणसास सांगावे लागत नाही. यंत्र जहाजाने परत पाठवायचे म्हटले की भाडे, जकात आणि प्रतीक्षा ही तीन कलमे खरेदीच्या कागदावर कधीच छापलेली नसतात. आजोबांनी त्या दरपत्रकाच्या समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले: 'मोडीचा भाव?'

दुसरा कागद एसएफएक्स-100 नावाच्या, आराखडे सर्वांसाठी खुले असलेल्या यंत्रणेवर आधारलेला होता. जगभरातील हौशी लोकांनी ती घरोघरी बांधली आहे. चार सर्व्हो मोटारी, त्यांचे चार ड्राइव्ह, चार बॉल स्क्रू, काही थ्री-डी प्रिंटरवर छापलेले भाग आणि आज्ञा देणारा एक छोटा आर्डुइनो. नातवाने गणित मांडले होते. स्क्रूचा व्यास 16 मिलिमीटर. एका फेऱ्यात दट्ट्या 5 मिलिमीटर सरकतो. मोटार मिनिटाला 3000 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 50. दट्ट्याचा वेग झाला सेकंदाला 250 मिलिमीटर, आणि 100 मिलिमीटरची पूर्ण चाल 0.4 सेकंदात संपते. आजोबांनी ही बेरीज-गुणाकार तपासली. दोष सापडला नाही, याचा त्यांना किंचित विषाद झाला असावा.

याहून स्वस्त मार्गही होता. मोटारीच्या काचा पुसणाऱ्या वायपरची मोटार वापरून अनेकांनी खुर्च्या हलवल्या आहेत. ती मोटार दणकट खरी, पण मंद आणि दातऱ्यांत ढिली असते; दिशा बदलताना धक्का बसतो. नातवाने तो मार्ग स्वतःच खोडला होता.

स्वतः बांधण्याच्या बाजूने कोल्हापूरकराजवळ एक जबरदस्त साक्षीदार आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी विदेशी कॅमेऱ्यावर न विसंबता स्वतः कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. 1916 साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामले यांच्या साह्याने 1918 साली तो कॅमेरा पूर्ण केला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुढे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथे लेथ आणि फौंड्रीचा जो पसारा वाढला, त्यामुळे आजही या शहरात एखादा कंस हवा तसा कातून मिळण्यास एक दुपार पुरते. नातवाने बाबूरावांचे नाव घेतले तेव्हा आजोबा म्हणाले, "त्यांना कॅमेरा घडवायचा होता. तुला काय करायचंय, शर्यत की यंत्र?"

या प्रश्नाला नातवाने दोन दिवस उत्तर दिले नाही. वेगाने गाडी चालवणे हेच ध्येय असेल, तर हलती खुर्ची अनिवार्यही नव्हे. संगणकीय शर्यतीतील कित्येक वेगवान चालक स्थिर बैठकीवरच बसतात. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "यंत्र." त्यानंतर परदेशी दरपत्रक घडी घालून पंचांगात गेले.

काम दोन महिन्यांचे ठरले होते, साडेपाच लागले. सुट्या भागांच्या यादीत श्रमाचे तास कोणी लिहीत नाही, ही अशा हिशेबांतील नेहमीची चूक. रविवार गेले, एक सहामाही परीक्षा जेमतेम पार पडली आणि आई काही आठवडे त्या खोलीत पाऊल टाकीनाशी झाली. पहिल्या चाचणीत एका कोपऱ्यातील दट्ट्याची शून्य जागा चुकीची नोंदली गेली होती. सांगाडा एका बाजूस झटक्याने उचलला गेला, भिंतीवरचे कॅलेंडर खाली आले आणि नातवाचा अंगठा चेंगरता चेंगरता राहिला. पुन्हा चालू करण्याआधी आजोबांनी एक अट घातली, आणि ती पाळली गेली: लोखंडी काम घरचे चालेल, विजेचे नाही. अर्थिंग, एमसीबी आणि तातडीने वीज तोडणारे लाल बटण परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावे. घरच्या दाबाची वीज आणि माणसासकट दीड-दोनशे किलोचे ओझे जेथे एकत्र येते, तेथे ही काटकसर कामाची नाही. शिवाय वीज गेली की बॉल स्क्रू ओझे रोखून धरत नाही. सांगाडा आपोआप खाली बसतो, तेव्हा खाली कोणाचा पाय नसावा.

खर्चाची अखेरची बेरीज तयार यंत्राच्या निम्म्याच्या आत राहिली. ठेव मोडली नाही. आजोबांनी मात्र खतावणीत एक स्वतंत्र कलम उघडले आणि वाया गेलेले दोन कंस, चुकीच्या मापाचे बेअरिंग, परत केलेला एक ड्राइव्ह, सारे त्यात मांडले.

एक बाब दोन्ही कागदांवर नव्हती. घर पहिल्या मजल्यावर, आणि खाली एक वृद्ध दांपत्य. दट्ट्यांचा आवाज फारसा नाही, पण स्लॅबमधून उतरणारी थरथर त्यांच्या भांड्यांच्या मांडणीपर्यंत पोहोचे. पायांखाली जाड रबर घातल्यावर ती पुष्कळ कमी झाली, संपली नाही. खालच्या काकू सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून सामायिकाला बसतात. तेव्हा ठरले की त्या 48 मिनिटांत यंत्र बंद. नातवाच्या मित्रांना ही वेळ ठाऊक झाली आहे. शर्यतीचे वेळापत्रक ते त्याप्रमाणे लावतात.

आजीचा परिग्रह-परिमाणाचा नियम आहे. यंत्र पूर्ण झाल्यावर तिने विचारले, हे कोणाच्या नावावर धरायचे? नातवाने स्वतःच्या नावावर धरले आणि त्याबदल्यात जुनी दुचाकी विकून टाकली. आता तो महाविद्यालयात केएमटीने जातो.

लाल बटण खोलीच्या दाराशी, आजीच्या हाताला येईल अशा उंचीवर बसवले आहे. रोज संध्याकाळी यंत्र सुरू झाले की ती एकदा ते दाबून पाहते, सांगाडा सावकाश खाली बसतो, आणि मग ती माळ घेऊन देवघराकडे जाते.