अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण मी वर्गात बरीच वर्षे सांगत आले. म्हणींतला विनोद हा समाजाच्या संकोचावर कसा उभा असतो, हे समजावण्यासाठी ती फार सोयीची आहे. वर्ग हसतो, मीही हसते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. गेल्या आषाढापासून मात्र मी हे उदाहरण देणे सोडले आहे. त्यातला विनोद कमी झाला असे नव्हे. पण म्हणीतला पहिला शब्द मला आता निराळ्या अर्थाने ऐकू येतो.

मला क्रोन्स नावाचा आजार आहे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघा डॉक्टरांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वर्णानुक्रमात पहिले आल्यामुळे नाव क्रोन यांचे राहिले. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि त्याच्या भिंतीला आरपार दाह होतो. मुखापासून गुदापर्यंत कोठेही, मध्ये निरोगी तुकडे सोडून, हा दाह प्रकटतो. आपल्याकडे तो ओळखण्यात आणखी एक पेच असतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून पाहिले तरी पुष्कळदा सारखेच दिसतात. त्यामुळे अनेक भारतीय रुग्णांप्रमाणे मीही आरंभी सहा महिने क्षयाच्या गोळ्या घेतल्या. त्याबद्दल माझी कोणावर तक्रार नाही. ज्या देशात क्षय घरोघरी ठाऊक आहे तेथे वैद्याने आधी त्याचाच संशय घ्यावा, हे रास्तच आहे.

आजारासह मी काही वर्षे बऱ्यापैकी संसार केला. उरवड्याहून पिरंगुट, भूगाव असे करीत पुण्यात कॉलेजला जाणे, वाटेत कोठे स्वच्छतागृह आहे याचा नकाशा डोक्यात असणे, तासाच्या दिवशी सकाळी काही न खाणे, या सगळ्याची सवय झाली होती. मग बैठकीच्या जागी एक गळू आले, फुटले, पुन्हा आले. एम. आर. आय.मध्ये दिसले की आतून बाहेर एक वाट तयार झाली आहे. डॉक्टर तिला फिस्टुला म्हणाले. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, सांगायचे तर भगंदर म्हणावे लागले असते. मी सांगितलेच नाही.

उपाय असा होता : भूल देऊन नीट तपासणी करायची आणि त्या वाटेतून एक बारीक दोरा ओवून बाहेर त्याची सैल गाठ मारायची. दोऱ्यामुळे वाट बुजत नाही, पू आत साचत नाही, आणि मग दाह आवरणारी इंजेक्शने सुरू करता येतात. वाट कापून मोकळी करण्याचा सरळ मार्ग क्रोन्समध्ये धोक्याचा, कारण जखम भरण्याची खात्री नसते आणि जवळच्या स्नायूला इजा झाली तर मलावरचा ताबा जाऊ शकतो. ‘मायनर आहे मॅडम, वीस मिनिटांचं काम,’ डॉक्टर म्हणाले. मराठीत याला आपण ‘किरकोळ’ म्हणतो. हा शब्द वाण्याच्या दुकानातून आला की रुग्णालयातून, असा भलता विचार त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेला.

भीती सुरीची नव्हती. आधी वाटली ती ताब्याची. पन्नास मिनिटे साठ मुलांसमोर उभे राहणे हा माझा व्यवसाय आहे. उद्या शरीराने भर वर्गात दगा दिला तर? दुसरी भीती सांगायला अधिक कठीण आहे. आपल्या देहाचा जो भाग आपण स्वतःही कधी पाहिलेला नाही, तो दिव्याखाली चार अनोळखी माणसे पाहणार. आणि या सगळ्याच्या तळाशी एक क्षुद्र भीती होती, ती म्हणजे कोणी विचारील, ‘कसलं ऑपरेशन?’ हृदयाचे असते तर सांगितले असते. हृदयाला साहित्यात जागा आहे. मी रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय कारण’ एवढेच लिहिले आणि सहकारी मैत्रिणीला दातांचे काम आहे असे सांगितले.

भ्यालेला प्राध्यापक वाचू लागतो. सुश्रुताने भगंदराची गणना आठ महागदांत, म्हणजे दुःसाध्य रोगांत, केली आहे आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव शतपोनक, म्हणजे चाळणीसारखा. दुसरा उष्ट्रग्रीव, उंटाच्या मानेसारखा. इतकी चित्रमय परिभाषा ज्या भाषेत होती, तिच्या वारसांना आज या जागेसाठी धड एक शब्द उच्चारता येत नाही. आपल्याकडे औषधी लेपाचे क्षारसूत्र. ग्रीकांकडे, हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात, घोड्याच्या केसासह वळलेला दोरा. माझ्या कागदावर ‘सीटॉन’ असे लिहिले होते, तो शब्द लॅटिनमध्ये राठ केसाचाच. दोन-अडीच हजार वर्षे माणसे या वाटेतून दोराच ओवत आली आहेत, हे वाचून मला विलक्षण धीर आला. १६८६च्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या चौदाव्या लुईवर याच दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झाली, तीही भुलीवाचून. त्याच्या शल्यवैद्याने आधी कित्येक महिने गरीब रुग्णांवर हात बसवून घेतला होता. त्या रुग्णांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. माझी सहानुभूती राजाकडे फारशी गेली नाही, हे कबूल करते.

पण खरा सोबती मिळाला तो पुण्यातच. १२ जानेवारी १९२४च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींवर ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. कर्नल मॅडॉक यांनी ती केली. मध्येच वीज गेली आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले, ही हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची. १९०९च्या ‘हिंद स्वराज’मध्ये रुग्णालयांना पापाची मुळे ठरवणारा हा माणूस संमतिपत्रावर सही करतो आणि आपला हात कसा थरथरतो आहे ते स्वतःच सर्जनला दाखवतो. जवळ असलेल्या श्रीनिवास शास्त्रींनी ते नोंदवून ठेवले आहे. ती थरथर ज्वराची आणि अशक्तपणाची असणार. तिला भीती म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण हात थरथरतो आहे हे लपवायचे नाही, एवढे मी त्यातून उचलले. उचलले म्हणजे, उचलायचे ठरवले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट मला बोलू देत नव्हती. ७ जून २०२१ रोजी आमच्या उरवड्यातील रसायनांच्या कारखान्याला आग लागली आणि कामगार होरपळून गेले. मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या. देह ओळखू येत नव्हते. ते ससूनलाच नेले होते. ज्या गावाने ते पाहिले, तेथे वीस मिनिटांच्या कामाची भीती कोणत्या तोंडाने सांगावी? पुढे लक्षात आले की ही तुलना मी नम्रतेने करीत नव्हते. गप्प राहण्यासाठी मला एक भारदस्त कारण हवे होते.

आदल्या दिवशी भाताची लावणी चालली होती. आत्या खाचरातून गुडघाभर चिखलाने घरी आल्या, पडवीत पाय धुतले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, ‘दाताचं काय न्हाई तुझं. दात दुखणारा मानूस उशीवर एका बाजूनं बसत न्हाई.’

मी सांगितले. भगंदर हा शब्दही उच्चारला. त्या बराच वेळ पाय घासत राहिल्या.

‘माझं ऑपरेशन झालं तवा धाकटा सा म्हयन्यांचा हुता,’ त्या म्हणाल्या. आमच्याकडे त्या पिढीत ‘ऑपरेशन’ म्हणजे एकच, कुटुंबनियोजनाचे. सरकारी कॅम्पात, एका दिवसात पंधरा-वीस बायका रांगेने. ‘जीपगाडीत घालून नेलं. आत काय करणार त्ये कुनी सांगितलं न्हाई, आन् आमीबी इचारलं न्हाई. सांजच्याला परत.’

‘भीती वाटली नाही?’

‘वाटली की. लई वाटली. पर बाकीच्या बायका बघत हुत्या ना.’ मग जरा थांबून, ‘तू पयलीच हाईस मला इचारनारी.’

वीस वर्षे मी त्यांच्या घरात राहते. स्त्रीलिखित आत्मचरित्रे शिकवते.

दुसऱ्या दिवशी संमतिपत्र पुढे आले. मराठी भाषांतर इतके वाईट होते की पेनाने दुरुस्त करावेसे वाटले. ‘मलविसर्जन नियंत्रण हानी संभाव्य’ असे काहीसे होते. माझा हात थरथरला. मी परिचारिकेला म्हणाले, ‘सही वेडीवाकडी येतेय.’ ती म्हणाली, ‘सगळ्यांची येते,’ आणि कागद घेतला. पाठीत सुई टोचली; कमरेखालचे शरीर हळूहळू दुसऱ्या कोणाचे तरी झाले. पडद्यापलीकडे दोघे चांदणी चौकातल्या वाहतुकीबद्दल बोलत होते. माझी दुसरी भीती, त्या दिव्याखालच्या नजरांची, येथे अगदीच हास्यास्पद ठरली. कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. ते वाट शोधत होते.

पहिली भीती अजून आहे. दोरा अजून आत आहे, इंजेक्शने सुरू आहेत, आणि वर्गात मी दाराजवळ उभी राहून शिकवते. मैत्रिणीला खरे सांगायला मला तीन आठवडे लागले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आत्यांनी गाडीच्या सीटवर घालायला दिलेली गोधडी स्वतःच उचलून आत नेली.

‘दोरा दिसतो का गं?’

‘दिसत नाही. हाताला लागतो.’

‘काढायचा कवा?’

‘काही महिने तरी नाही म्हणाले.’

‘ऱ्हाऊ दे मग,’ त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या खाचराला उद्या किती बायका लागतील याचा हिशेब करू लागल्या.